काळी गाडी, तीन कोटेशनं आणि एक मीटर

पत्र थोडक्यात असं: "चार महिन्यांपूर्वी तीन वर्षं वापरलेली काळी गाडी घेतली. सावलीत झकास दिसते, उन्हात आणली की अंगभर कोळ्याची जाळी. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ पारदर्शक थर, करायचं ठरवलंय. पहिला म्हणतो १०एच, पाच लेयर, लाइफटाइम वॉरंटी, सकाळी द्या संध्याकाळी न्या. दुसरा म्हणतो तीन दिवस लागतील आणि वॉरंटी दोनच वर्षं, वर त्याने कसलंसं मीटर लावून सांगितलं की बॉनेट परत रंगवलेलं आहे, मला तर ऐकून रागच आला. तिसरा ग्राफीन घ्या म्हणतोय. भाऊ म्हणतो सगळं थोतांड आहे, मेण लाव आणि गप्प बस. मी रोज सकाळी स्वतः कोरड्या फडक्याने गाडी पुसते, म्हणजे निगा राखत नाही असंही नाही. कोणाकडे करू? – काळ्या गाडीवाली"

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर माझं हे लांबलचक पुराण वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायचा. दुसऱ्याकडे करा. ज्याच्यावर तुम्हाला राग आला ना, त्याच्याकडेच. आणि ते फडकं आजपासून बंद, पण त्याच्याकडे नंतर येतो.

त्याने लावलं त्याला पेंट थिकनेस गेज म्हणतात. तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, छत ११२, दारं ११५ ते १२२ आणि बॉनेट २४०. हे मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्या छतावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअरकोट सगळं मिळून दीड-पावणेदोन केसांएवढं आहे बघा. कंपनीतून बाहेर पडलेल्या गाडीचा पेंट बहुतेक वेळा १०० ते १५० च्या आसपास भरतो, त्यामुळे २४० आला की जुन्या रंगावर परत रंग मारलाय हे उघड आहे. लगेच अपघाताची गाडी गळ्यात मारली असं समजून डोक्याला हात लावू नका, समोरून खडी उडून टवके पडतात म्हणूनही लोक बॉनेट रंगवून घेतात, आणि खाली पुट्टी भरलेली असती तर आकडा याच्या कितीतरी वर गेला असता. बंपरवर त्याने मीटर लावलं नसेल तर तेही बरोबरच, ते प्लास्टिकचं, आणि हे मीटर धातूवरच चालतं.

आता त्याला ही उठाठेव कशाला? कारण ती जाळी म्हणजे क्लिअरकोटवरचे बारीक ओरखडे, ती घालवायची तर क्लिअरकोट थोडा घासूनच काढावा लागतो, दुसरा मार्ग नाही. क्लिअरकोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. त्यातले किती गेले तर चालतील हे मोजल्याशिवाय मशीन लावणं म्हणजे खिशात किती आहेत ते न बघता खरेदीला निघण्यातला प्रकार. एकदा क्लिअरकोट जास्त पातळ झाला की पुढे उन्हात तो पापुद्रे धरायला लागतो आणि मग त्या पॅनेलला परत रंगवण्याशिवाय गत्यंतर नसतं. गॅरेजमध्ये मारलेला रंग कधीकधी कंपनीच्या भट्टीत भाजलेल्या रंगापेक्षा मऊ असतो, पॉलिश मशीनच्या पॅडखाली वेगळा वागतो, म्हणून बॉनेटला त्याचा हात वेगळा चालेल. रंग ताजा असता तर त्यातलं सॉल्व्हंट उडून जायला एक-दोन महिने थांबावंच लागलं असतं, पण गाडी तुमच्याकडे येऊनच चार महिने झालेत तेव्हा ती काळजी नको. सांगायचा मुद्दा, तो माणूस तुमच्या गाडीला नावं ठेवत नव्हता, काम सुरू करायच्या आधी जे बघायला पाहिजे ते बघत होता. बाकीच्या दोघांनी बघितलं नाही याचा राग यायला हवा खरं तर.

आता ते १०एच. हा एच म्हणजे पेन्सिलीचा एच. खरंच, लिहायच्या पेन्सिलीचा. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशात धरून साधारण ७५० ग्रॅमच्या भाराखाली कोटिंगवरून ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात, आणि या टेस्टच्या नेहमीच्या पट्टीत ९एच हीच शेवटची, सगळ्यात कडक पेन्सिल. त्यामुळे १०एच ऐकलं की मला १०० पैकी ११० मार्क मिळाल्यासारखं वाटतं. लोकांचा घोळ होतो तो मोह्सच्या पट्टीशी, ती खनिजांची, १८१२ ची, तिच्यात टाल्क १ आणि हिरा १०, त्यामुळे '९' वाचलं की माणसाला वाटतं आपल्या बॉनेटवर हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी बसणार. तसं काही नाही हो. पेन्सिलीचा ९ आणि खनिजाचा ९ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट रस्त्यावरच्या धुळीत जे वाळूचे कण असतात ते क्वार्ट्झ, मोह्सवर ७, आणि ते तुमच्या कोटिंगवर, क्लिअरकोटवर, सगळ्यांवर ओरखडा काढतात, त्यांनी डब्यावर काय छापलंय ते वाचलेलं नसतं.

पाच लेयरचंही तसंच. कोटिंगच्या बाटलीत ३० ते ५० मिली माल असतो आणि तेवढ्यात एक अख्खी गाडी होते, त्यातलंही बरंचसं सॉल्व्हंट उडून जातं, थोडं स्पंजात राहतं, थोडं पुसताना फडक्यात जातं. मागे राहतो तो मुख्यतः सिलिकाचा, म्हणजे काचेच्या कुळातला, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा पापुद्रा, कधी त्याहून कमी. थर एकेक मायक्रॉनचा धरला आणि पाचही खरोखर मारले तरी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाडी होत नाही. दुसरा थर मारण्यात थोडा अर्थ असतो, पहिल्यात कुठे जागा सुटली असेल तर ती भरून निघते. पाच थर माझ्या मते बिलाची लांबी वाढवायला. म्हणून दगड लागला तर टवका उडणारच, चावीने कुणी रेघ ओढली तर ती उमटणारच. खडीपासून वाचायचं असेल तर ते काम पीपीएफचं, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचं, ती पॉलियुरेथेनची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, तिचा खर्चही त्याच मापात. तुमचा रोजचा प्रवास हायवेवर असेल तर बॉनेट आणि बंपरला फिल्म आणि बाकी अंगाला कोटिंग असं करणारेही खूप आहेत. तुम्ही हायवेचं काही लिहिलं नाहीत म्हणून तो विषय इथेच सोडतो.

मग कोटिंग करायचंच कशाला, भाऊ बरोबर आहे का? अर्धा बरोबर आहे. कोटिंगने काय मिळतं तर पाणी चिकटत नाही, पालथ्या घड्यावर ओतल्यासारखं घसरून जातं, जाताना बरीचशी धूळ घेऊन जातं, गाडी धुवायला निम्मी मेहनत लागते. पक्ष्याची शिट, किडे, झाडाचा चीक पडला तर पेंटला डाग धरायच्या आधी तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो. थोडाच हं, आठवडाभर शिट वाळू दिली तर कोटिंगच्या खालीसुद्धा खड्डा पडलेला मी बघितलाय. काळ्या रंगाला ओलसर खोली येते ती वेगळीच मजा. मेणाने हेच सगळं मिळतं, फक्त चांगलं कार्नोबा मेणसुद्धा काही आठवडे, फार तर एक-दोन महिने टिकतं, की परत लावा. ज्याला रविवारी गाडीशी खेळायला आवडतं त्याच्यासाठी मेण उत्तम आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुमच्या भावाला रविवारी वेळ असेल तर त्यालाच लावा कामाला.

ग्राफीनवाल्याबद्दल एवढंच, ग्राफीन ही चीज खरी आहे, ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने पापुद्रा ओढून २००४ मध्ये मँचेस्टरला दोघा शास्त्रज्ञांनी ती वेगळी काढली आणि त्यावर २०१० चं फिजिक्सचं नोबेल घेतलं. पण बाटलीत येतं ते बहुतेक वेळा तेच सिलिकावालं रेझिन आणि त्यात चिमूटभर ग्राफीन ऑक्साइड. वाईट असेल असं नाही. फक्त त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता खऱ्या विषयाकडे येतो. ताई, कोटिंग पारदर्शक असतं. ऐकायला साधं वाटतं पण सगळे इथेच फसतात. खाली जे आहे ते कोटिंगमधून दिसणार, आणि चकाकी वाढल्यामुळे जास्तच ठळक दिसणार. जाळी तशीच ठेवून वर कोटिंग मारलं तर जाळीला काचेत फ्रेम करून ठेवल्यासारखं होईल, आणि मग ती काढायची तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं. म्हणून कोटिंगच्या पैशातला मोठा वाटा खरं तर बाटलीचा नसतो, आधीच्या दोन दिवसांचा असतो. धुणं, मग लोखंडाचे कण विरघळवणारं केमिकल, जे फवारल्यावर पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहताना दिसतात (काळ्यावर तेवढी गंमत दिसत नाही), मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीची वडी, आणि मग एकेक पॅनेल घेऊन मशीनने कंपाउंड आणि पॉलिश, याला करेक्शन म्हणतात. गाडीला दहा-बारा पॅनेल धरा, प्रत्येकाला नीट करायचं तर अर्धा-पाऊण तास कुठेच गेला नाही, दोन स्टेपचं करेक्शन असेल तर दुप्पट. आता सांगा, सकाळी देऊन संध्याकाळी नेणाऱ्या पहिल्याने यातलं काय गाळलं असेल?

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझी पहिली गाडी गडद निळी होती आणि मी अशाच एकाकडे दिली जो पाच वाजता चावी हातात देणार होता आणि त्याने पाचच्या ठोक्याला दिलीसुद्धा. ट्यूबलाइटखाली आरसा. मी तर खूश होऊन फोटो काढत बसलो. दोन दिवसांनी सूर्य खाली आलेला असताना ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलखाली तळहाताएवढा एक डाग दिसला, जरा गडद, कडेला पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग. पुसला, जाईना. शॉपवाला म्हणाला क्युअर होतंय अजून, म्हणजे सुकून घट्ट होतंय, जाईल आपोआप. तो हाय स्पॉट होता. कोटिंग लावल्यावर थोडा वेळ थांबून ते मायक्रोफायबरने पुसून सारखं करायचं असतं, त्याने तिथे पुसलंच नाही किंवा उशिरा पुसलं, आणि क्युअर होतंय म्हणजे तो डाग जायच्या ऐवजी आणखी कडक होत होता. पहिल्या काही तासांत लक्षात आलं असतं तर थोडं ताजं कोटिंग लावून बसवता आलं असतं. शेवटी तेवढ्या जागेवर परत पॉलिश आणि परत कोटिंग, आणि त्या पॉलिशच्या नादात दाराला गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनचे होलोग्राम, म्हणजे लाटांसारख्या रेघा, पडले ते वेगळेच, उन्हात गाडी हलली की त्या लाटा पण हलायच्या. ते दार मी गाडी विकेपर्यंत बघत होतो. दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही म्हणे, मला दिसायचं ना.

तेव्हापासून मी शॉप बघायला जातो तो मोबाइलचा टॉर्च घेऊन. तुम्ही पण जा. त्यांच्याकडे डिलिव्हरीसाठी उभी असलेली कुठलीही गडद गाडी बघा, विचारून घ्या आणि पॅनेलपासून हातभर अंतरावर टॉर्च धरून हळूहळू फिरवा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसलं तर करेक्शन झालेलं नाही. नुसता ठिपका आणि आजूबाजूला खोल काळं दिसलं तर तो हात चांगला आहे. मग स्वतःच्या गाडीवर टेस्ट स्पॉट मागा. वीतभर जागा मास्किंग टेपने चौकटीत घ्यायची, तेवढीच पॉलिश करून दाखवायची, आणि हे महत्त्वाचं, पॉलिशनंतर तिथे पॅनेल वाइप किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), म्हणजे तेल पुसून काढणारा द्रव, मारून मग बघायचं, कारण पॉलिशमधलं तेल आणि फिलर रेघांत भरून बसतात आणि तात्पुरत्या त्या नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. टेप काढल्यावर आतली बाजू आणि बाहेरची बाजू यातला फरक बघितलात की कुणी तुम्हाला काही पटवून द्यायची गरज उरणार नाही. जो टेस्ट स्पॉटला कुरकुर करतो त्याला नमस्कार करून निघा. आणि सगळ्या रेघा शंभर टक्के जातील असं कुणी म्हणाला तरी सावध राहा, नखाला अडकते ती रेघ क्लिअरकोटमध्ये खोल गेलेली असते, ती पूर्ण काढायला गेलं तर क्लिअरकोटच संपायचा, शहाणा माणूस ती थोडी बोथट करून सोडून देतो.

तिथेच कोपऱ्यात नजर टाका की कोटिंग कुठे लावतात. बंद, धूळ नसलेली जागा आहे का, वर नीट लाइट आहेत का, की बाजूलाच दुसऱ्या गाडीला प्रेशर वॉशर चाललाय आणि तुषार उडतायत. क्युअर होत असताना पाणी नको असतं, निदान पहिले २४ तास तरी. इन्फ्रारेड दिवे असतील तर चांगलं, नसतील तर त्याने गाडी रात्रभर आत ठेवून घ्यायची तयारी दाखवली पाहिजे. तीन दिवस यासाठी लागतात.

वॉरंटीचं काय ते पण बोलू. दोन वर्षंवाला मला खरा वाटतो आणि लाइफटाइमवाला मला विचार करायला लावतो. कुणाचं लाइफटाइम, गाडीचं, तुमचं, की दुकानाचं? कागद मागून घ्या आणि घरी बसून वाचा. बहुतेक कागदांत दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्यांच्याकडेच पैसे देऊन सर्व्हिस करायची अट असते, एक चुकली की वॉरंटी गेली. ओरखडे, खडीचे टवके, पाण्याचे डाग, पक्ष्याची शिट हे वगळलेलं असतं, म्हणजे जे होणार आहे ते सगळं वगळलं आणि जे होणार नाही त्याची हमी दिली. गाडी विकली तर पुढच्या मालकाला लागू होते का तेही बघा. वॉरंटी दुकान देतंय की कोटिंगची कंपनी देतेय हा फरक मोठा आहे. काही कंपन्या आपलं वरच्या दर्जाचं कोटिंग फक्त ट्रेनिंग दिलेल्या लोकांनाच विकतात आणि गाडीची नोंद स्वतःकडे ठेवतात, तसं असेल तर नोंदणी झाल्याचा पुरावा हातात घ्या. आणि दुसऱ्याला एवढंच विचारा की वर्षभरापूर्वी कोटिंग केलेली, रोज वापरातली एखादी गाडी दाखवता का. नवी तर कुणाचीही चमकते.

आता फडकं. ताई, रागावू नका, पण ती जाळी आधीच्या मालकाने जेवढी केली असेल तेवढीच गेल्या चार महिन्यांत तुम्ही केली आहे. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे ते वर सांगितलेले क्वार्ट्झचे कण, आणि कोरडं फडकं गोल गोल फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. प्रेमाने फिरवला तरी तो पॉलिश पेपरच. तीन दिवस गाडी देऊन, पैसे मोजून करेक्शन करून आणाल आणि चौथ्या सकाळी हेच सुरू केलंत तर सहा महिन्यांत गाडी आजच्यासारखी दिसेल आणि मग तुमचा भाऊ म्हणेल बघ, सांगितलं होतं. धूळ बसली तर बसू द्या. आठवड्याने, दहा दिवसाने भरपूर पाण्याने किंवा फोमने आधी ती सैल करून वाहू द्या, मग दोन बादल्या घ्या, एकीत पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी, मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, पॅनेलवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून खाली यायचं, सगळ्यात घाण भाग शेवटी. चाकांचा कपडा वेगळा. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, झटकूनसुद्धा नाही. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये तर काळी गाडी घालूच नका.

आणि पाणी तसंच सुकू द्यायचं नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, त्यांचे फोटो सगळे टाकतात, पण पाणी जड असेल तर तोच थेंब उन्हात सुकला की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एका जागी गोळा होऊन पांढरी रिंग उरते, आणि काळ्यावर ती दहा फुटांवरून दिसते. कोटिंगने हा त्रास जात नाही, कधीकधी वाढतो, हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. म्हणून सावलीत धुवा, मोठ्या ड्रायिंग टॉवेलने लगेच टिपून घ्या, घासू नका, टॉवेल पसरवून नुसता ओढून घ्यायचा.

गाडी मिळाल्यावर पहिले सात दिवस शॅम्पू वगैरे काही नाही, पाऊस लागलाच तर पुसून टाका, पक्ष्याने कृपा केली तर ओल्या मायक्रोफायबरने तेवढंच उचलून घ्या. चावी मात्र दुकानात ट्यूबलाइटखाली घेऊ नका, सकाळची वेळ मागा, गाडी बाहेर उन्हात काढायला लावा आणि सही करायच्या आधी एक पूर्ण चक्कर मारा, टॉर्च हातात, खाली वाकून, हँडलच्या खालची जागा, नंबर प्लेटच्या वरची पट्टी आणि आरशांच्या मागची बाजू नीट बघून, कारण पुसणाऱ्याचा हात तिथेच चुकतो.